सुरतेचा जानेवारी आणि झोटेरोचा रकाना

(दीर्घ धागा. विषय: महाविद्यालयीन निबंधातील संदर्भ, ते देणारी साधने आणि त्या साधनांना न कळणाऱ्या गोष्टी.)

शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिला छापा घातला तो जानेवारी १६६४ मध्ये, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु सुरतेच्या इंग्रज वखारीतून त्या महिन्यात निघालेल्या कागदांच्या हिशेबाने ते वर्ष १६६३ होते. फार तर १६६३/६४ असे जोडवर्ष. इंग्रजांचे अधिकृत वर्ष त्या काळी २५ मार्चला पालटत असे. जानेवारी आणि फेब्रुवारी हे त्यांच्या लेखी सरत्या वर्षाचे महिने.

गोष्ट इथेच संपत नाही. त्याच शहरात डचांचीही वखार होती. इंग्रज जुने ज्युलियन पंचांग धरून बसलेले, तर डच कंपनी नव्या ग्रेगोरियन पंचांगाने चालणारी. त्यामुळे ज्या दिवशी इंग्रज लेखनिक ६ जानेवारी १६६३ लिहितो, त्याच दिवशी काही अंतरावरचा डच लेखनिक १६ जानेवारी १६६४ लिहितो. गाव एक, छापा एक, दिवस एक. आणि कागदावर तारखा दोन, वर्षेही दोन.

आता एम. ए. च्या पहिल्या वर्षातला एखादा विद्यार्थी हे इंग्रजी पत्र वापरतो असे समजा. तो झोटेरो उघडतो, तारखेच्या रकान्यात १६६३ भरतो, शिकागो शैली निवडतो आणि कळ दाबतो. तळटीप देखणी उमटते. स्वल्पविराम जागच्या जागी, तिरपा टाइप जिथे हवा तिथे, संदर्भसूचीत नोंद वर्णानुक्रमे अचूक बसलेली. आणि छापा एक वर्ष आधी घडून गेलेला असतो.

परीक्षक बहुधा ती तळटीप तपासून पूर्ण गुण देतील. आपल्या महाविद्यालयांत संदर्भलेखन ज्या पद्धतीने शिकवले आणि तपासले जाते, त्यातला मूळ दोष हाच आहे. गुण मिळतात ते मांडणीला, आणि मांडणी तर आता यंत्र फुकट करून देते.

या धाग्याचा रोख यंत्राविरुद्ध नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. झोटेरोसारखे साधन न वापरणे हा निव्वळ हट्ट आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहासविषयक केंद्रात ते जन्माला आले. म्हणजे मुळात इतिहासाच्याच माणसांनी ते घडवले. ते मोफत आहे, मुक्तस्रोत आहे. वर्डमध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये ते जोडता येते, आणि मार्गदर्शकांनी ऐन वेळी शैली बदलायला सांगितली तर दोनशे तळटीपा क्षणात नव्या वेषात उभ्या राहतात. मेंडेली आणि एंडनोट हीही त्याच वर्गातली साधने. पैकी मेंडेली २०१३ पासून एल्सव्हिअर या बड्या प्रकाशनसंस्थेच्या मालकीची आहे. ज्याला आयुष्यभराची टिपणे एका जागी ठेवायची आहेत, त्याने साधनाचा मालक कोण याचाही विचार करावा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने झोटेरो निवडावे, हे मत इथे निःसंकोचपणे मांडायला हरकत नाही.

शैलींचेही तसेच. शिकागोचे नियमपुस्तक १९०६ चे. त्याच विद्यापीठात प्रबंध तपासणाऱ्या सचिव केट टुराबियन यांनी १९३७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक छोटी पुस्तिका तयार केली, आणि जगभरचे विद्यार्थी आजही तिच्या पुढच्या आवृत्त्या चाळतात. हे नियम कुणा तत्त्वज्ञाने दिलेले नाहीत. टंकलिखित प्रबंधांचे गठ्ठे रोज हाताळणाऱ्या एका बाईने, गोंधळ आवरावा म्हणून ते बसवले. त्यांत पावित्र्य शोधू नये आणि त्यांची हेटाळणीही करू नये.

परंतु ज्या कागदांसाठी हे रकाने आखले गेले, ते आपले कागद नव्हेत.

अठराव्या शतकातले पेशवाईतले एखादे पत्र घ्या. त्यावर मिती नसते असे नाही. उलट ती इतक्या प्रकारांनी असते की भोवळ यावी. ‘छ’ हे अक्षर आणि पुढे मोहरम वा सफर महिन्याचे नाव असेल, तर ती चंद्रतिथी; ‘छ’ म्हणजे चंद्र. वर्ष ‘इसन्ने खमसैन मया व अलफ’ असे अरबी शब्दांत लिहिलेले असेल, तर तो शुहूर सन. इसन्ने म्हणजे दोन, खमसैन पन्नास, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११५२. त्यात ५९९ मिळवले की १७५१ येते. पण हे वर्ष मृगाला सुरू होते, त्यामुळे पत्र जानेवारी ते मे या काळातले असेल तर ६०० मिळवायचे आणि इसवी सन १७५२ धरायचा. शिवाय शालिवाहन शक, फसली सन आणि १६७४ पासूनचा राज्याभिषेक शक आहेतच.

यांपैकी एकही गोष्ट झोटेरोच्या तारखेच्या रकान्याला कळत नाही. त्यात ‘शके १५५१’ लिहिले, तर ते इसवी सन १५५१ समजले जाण्याचा धोका आहे.

शके १५५१ हे उदाहरण मुद्दामच घेतले आहे. जेधे शकावलीत शिवजन्माची मिती आहे ती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. शकात ७८ मिळवण्याचा सर्वपरिचित नियम लावला तर १६२९ येते. परंतु फाल्गुन महिना इसवी सनाचे नवे वर्ष लागल्यानंतर येतो, म्हणून ७९ मिळवायचे. तेव्हा १६३० मिळते. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अशी निघते, आणि तीही ज्युलियन. ग्रेगोरियन पंचांगाने तोच दिवस १ मार्च १६३०. दरवर्षी १९ फेब्रुवारीला या विषयावर समाजमाध्यमांत जी धुळवड चालते, तिच्यातला निम्मा धुरळा कोणती तारीख कोणत्या पंचांगातली हे न सांगितल्यामुळे उडालेला असतो.

यावर उपाय सोपा आहे, पण तो यंत्रात नाही. मूळ मिती जशी आहे तशी आधी लिहावी, मग आपण काढलेली इसवी तारीख, आणि ती कोणत्या पंचांगाने काढली ते. झोटेरोत ‘एक्स्ट्रा’ नावाचा एक मोकळा रकाना असतो. मूळ मिती तिथे किंवा टिपणात नोंदवून ठेवावी आणि तळटीपेत हाताने घालावी. परिवर्तनात चूक झालीच, तर पुढचा वाचक मूळ मितीवरून ती दुरुस्त करू शकतो. नुसती इसवी तारीख दिली, तर चूक कुठे झाली हे शोधायला त्याला पुन्हा दफ्तरापर्यंत जावे लागते.

दुसरी अडचण याहून मोठी आहे, कारण तिच्यात प्रामाणिकपणाचा प्रश्न येतो.

‘शिवकालीन पत्रसारसंग्रह’ हा ग्रंथ इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाताखालून जातो. १९३० मध्ये त्याचे पहिले दोन खंड निघाले. नावातच सांगितल्याप्रमाणे त्यात पत्रांचे सार आहे, पत्रे नाहीत; आणि ते सार कुठून घेतले, हेही संपादकांनी दिले आहे. आता विद्यार्थी काय करतो? सार वाचतो, त्याखालचा मूळ साधनाचा निर्देश उचलतो आणि तळटीपेत थेट तेच साधन लिहितो, जणू मूळ पत्र त्याने स्वतः उलगडून वाचले आहे. पत्रसारसंग्रहाचे नाव गळून पडते. तळटीपेचे वजन वाढते आणि तिचे खरेपण जाते.

हीच गोष्ट राजवाड्यांच्या खंडांबाबत, हीच सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केलेल्या पेशवे दफ्तराच्या पंचेचाळीस खंडांबाबत. कादंबरीवजा चरित्रातून उचललेले वाक्य आणि खाली टीप मात्र राजवाडे खंडाची, असे निबंध दरवर्षी लिहिले जातात. खंड ग्रंथालयात असतो. तो उघडलेला नसतो.

मधला हात लपवू नये, हा संदर्भलेखनाचा पहिला नियम असायला हवा. अमुक पत्र, अमक्या ग्रंथात उद्धृत, तमुक पान: एवढे लिहिण्यात कमीपणा काहीच नाही. मोडी येत नाही म्हणून छापील लिप्यंतर वापरले असेल तर तसे लिहावे. फारसी येत नाही म्हणून इंग्रजी भाषांतर वाचले असेल तर भाषांतरकाराचे नाव द्यावे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने दहा भाषांतले अस्सल कागद वाचले असावेत, अशी कुणाचीच अपेक्षा नसते. त्याने नेमके काय वाचले, हे मात्र त्याच्याखेरीज दुसरे कुणीही सांगू शकत नाही.

मराठी इतिहासलेखनाने ही गोष्ट फार पूर्वी अनुभवली आहे. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तळटीपा भरपूर. अनेक ठिकाणी मराठी हस्तलिखितांचे निर्देश आहेत, आणि त्यांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचेही त्याने सांगितले. पुढच्या पिढ्यांतले अभ्यासक शोधत गेले तेव्हा त्या नकला काही हाती लागल्या नाहीत. डफने कागद जाळले, अशी वदंता तेवढी उरली. तिला आधार नाही. पण तळटीप आहे आणि ती जिकडे बोट दाखवते तिथे काहीच नाही, ही स्थिती किती अस्वस्थ करणारी असते, हे त्या पिढीला पुरते कळले. या ग्रंथावर पहिली खणखणीत टीका केली ती नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी, १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, विद्यार्थिदशेत. आज ज्याला आपण महाविद्यालयीन निबंध म्हणतो, जवळपास तसलेच ते लेखन होते. त्यांनी विचारलेला प्रश्न साधाच: हे कशावरून?

राजवाड्यांनी १८९८ पासून बावीस खंडांत साधने छापली, त्यामागेही तोच प्रश्न होता. बखरींच्या ढिगापेक्षा अस्सल कागदाला त्यांनी अधिक किंमत दिली, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक कागदाला लेखांक देऊन तो वाचकासमोर ठेवला. लेखांक ही वरवर क्षुल्लक गोष्ट. पण पान आवृत्तीगणिक बदलते, लेखांक बदलत नाही. म्हणून राजवाडे खंडाचा संदर्भ देताना पानाआधी लेखांक द्यावा. झोटेरोला लेखांक माहीत नाही. तिथे पान, परिच्छेद, ओळ वगैरे पर्याय असतात. त्यांतला एखादा निवडून पुढे हाताने ‘लेखांक’ लिहावा लागतो. आळस केला की पान उमटते, आणि तेही पुष्कळदा पीडीएफचे. जुन्या खंडांत प्रस्तावनेची पाने वेगळी मोजलेली असतात, त्यामुळे पीडीएफचे पान आणि छापील पान यांत चाळीस-पन्नासाचा फरक सहज पडतो.

जाता जाता एक योगायोग. सभासदाची बखर १६९७ ची, जिंजीत लिहिलेली. पिएर बेल या फ्रेंच विद्वानाचा चरित्रकोश याच १६९७ सालचा, रॉटरडॅमचा. बेलच्या कोशात मूळ मजकूर दोन ओळींचा आणि खाली टीपांचा समुद्र. युरोपातल्या विद्वत्तापूर्ण तळटीपेचा इतिहास सांगताना त्याच्या नावाचा मुक्काम टाळता येत नाही. सभासदाकडे एकही टीप नाही. पण तो मागासलेला होता असे म्हणणे उथळपणाचे ठरेल. कृष्णाजी अनंत कोण, कुणाच्या पदरी होता आणि कुणाच्या सांगण्यावरून लिहितो आहे, हे त्याच्या वाचकांना ठाऊक होते. त्याचे नाव हाच त्याचा संदर्भ. आजच्या निनावी फॉरवर्डला ती सवलत नाही, आणि तळाशी ‘संदर्भ: इतिहास’ असे लिहून ती मिळतही नाही.

पुन्हा यंत्राकडे. आंतरजालावरच्या संग्रहांत स्कॅन केलेली हजारो मराठी पुस्तके आहेत, आणि त्यांनी केलेले उपकार मोठे आहेत. पण त्यांच्या नोंदी कित्येकदा भयंकर असतात. संपादकाचे नाव लेखकाच्या जागी, शीर्षकाचे रोमन लिपीत केलेले विद्रूप रूप, पुनर्मुद्रणाचे साल पहिल्या आवृत्तीचे म्हणून. झोटेरोचे बटण दाबले की ही घाण जशीच्या तशी आपल्या संग्रहात येते. त्यात एकच ग्रंथकार ‘सरदेसाई, गो. स.’ आणि त्याचेच रोमन रूप असे दोनदा नोंदवला जातो, आणि संदर्भसूचीत एका माणसाची दोन माणसे होतात. नोंद आल्यावर पुस्तकाचे मुखपृष्ठाआतले पान उघडून ती ताडून पाहावी. दोन मिनिटांचे काम आहे. मराठी निबंधात मधूनच इंग्रजी संक्षेप डोकावू लागले, तर भाषेची निवड तपासावी आणि ‘संपा.’, ‘पृ.’, ‘तत्रैव’ हे आपले संक्षेप हाताने बसवावेत. ‘तत्रैव’ जपून वापरावा, एवढेच. मधे एक नवी टीप घुसली की तो भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतो.

याहून धोकादायक सवय गेल्या काही वर्षांतली आहे: संवादयंत्राला, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या साधनाला, थेट संदर्भ मागणे. ते संदर्भ देते. लेखक खरा, प्रकाशनसंस्था खरी, साल शक्यतेतले, आणि पुस्तक अस्तित्वातच नसलेले, असे वारंवार घडते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात वकिलांनी अशाच बनावट निवाड्यांचे दाखले सादर केले. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड ठोठावला. तिथे विरुद्ध बाजूचे वकील दाखले शोधायला गेले म्हणून प्रकार उघडकीस आला. निबंधाला विरुद्ध बाजू नसते. तळटीपेतले पुस्तक शोधायला परीक्षक ग्रंथालयात जात नाहीत.

वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या प्रणालीकडूनही इथे मदत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत साम्याचे टप्पे ठरवले आहेत: दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, पुढे चाळीस, साठ असे चढते. ही यंत्रणा शब्दांची जुळणी मोजते. जे पुस्तक कधी छापलेच गेले नाही, त्याच्याशी कशाचीच जुळणी होत नाही. संपूर्ण बनावट संदर्भांचा निबंध शून्य टक्के साम्य घेऊन, मान ताठ ठेवून बाहेर येऊ शकतो. उलट, अस्सल पत्राचा लांब उतारा प्रामाणिकपणे उद्धृत करणारी विद्यार्थिनी अवतरणचिन्हे नीट न पडल्यामुळे अठरा टक्क्यांवर अडकते आणि खुलासे लिहीत बसते. टक्केवारीला प्रामाणिकपणाचे मोजमाप समजणे ही सोयीची गोष्ट आहे, खरी नाही.

काहींचे म्हणणे असे की हा सारा तळटीपांचा सोस पाश्चात्त्य आहे आणि मराठी वाचकाला त्याचा कंटाळा येतो. कंटाळा येतो, हे खरे. पण टीप वाचलीच पाहिजे अशी सक्ती कुणावरही नाही. ती शंकेखोर वाचकासाठी असते. जेधे शकावली १९१६ मध्ये टिळकांनी उजेडात आणली तेव्हा शिवजन्माचा वाद कुणाच्या अधिकारवाणीने मिटला नाही. पुढे तंजावरकडे मिळालेल्या शिवभारतात तेच वर्ष आणि तीच तिथी निघाली. दोन स्वतंत्र साधने एकमेकांना भेटली. ती भेटल्याचे आपल्याला समजते ते केवळ दोघांचेही पत्ते कुणीतरी नीट लिहून ठेवले म्हणून.

मग महाविद्यालयांनी काय करावे? इतिहास विभागाने मराठी निबंधांसाठी एका पानाचे टाचण काढावे. त्यात लेखांक कसा द्यावा, मूळ मिती आणि इसवी तारीख कशी लिहावी, ‘उद्धृत’ कधी म्हणावे, हस्तलिखित असेल तर संस्था, रुमाल आणि पत्राचा क्रमांक कोणत्या क्रमाने द्यावा, एवढे असले तरी पुरे. स्वल्पविरामाचे गुण काढून टाकावेत. त्याऐवजी परीक्षकाने प्रत्येक निबंधातल्या कोणत्याही तीन तळटीपा निवडाव्यात आणि विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत ती तीन पुस्तके ग्रंथालयातून आणून पाने उघडून दाखवायला सांगावे. वीस विद्यार्थ्यांच्या वर्गाला साठ तळटीपा. एका दिवसाचे काम आहे.

आणि ज्या विद्यार्थ्याला त्या सुरतेच्या पत्राची टीप लिहायची आहे, त्याने मूळ कागद पाहिला नसेल आणि १९३१ च्या ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ या संकलनातून तो घेतला असेल, तर टीपेत आधी पत्र कुणाचे कुणाला ते यावे, मग तारीख ‘जानेवारी १६६३/६४, जुनी पद्धत’ अशी, मग ‘उद्धृत’ हा शब्द, आणि त्यानंतर संकलनाचे नाव, साल व पत्राचा क्रमांक. झोटेरो यातले अर्धेच भरील. उरलेले अर्धे टंकायला फार तर एक मिनिट लागते.